चाकोरी किती खोल?

जूनमधले दोन चांगले पाऊस पडून गेले की मावळातल्या इंदुरी गावाच्या शिवारातल्या गाडीवाटेवर दोन समांतर रेघा चकाकू लागतात. मधे गवताचा उंचवटा आणि दोन्ही अंगांना पाण्याने भरलेल्या दोन चऱ्या. पूर्वी त्या बैलगाडीच्या चाकांनी पडत, आता बहुतेक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने पडतात. नाव मात्र तेच राहिले आहे, चाकोरी.

याच गावातून तळेगाव-चाकण रस्ता जातो. चाकणच्या कारखान्यांकडे निघालेले कंटेनर आणि कंपन्यांच्या बसगाड्या त्यावरून दिवसरात्र धावत असतात. अशा एखाद्या बसमध्ये बसलेला तिशीतला इंजिनिअर फोनवर मित्राला म्हणतो, "काही नाही रे, आय ॲम स्टक इन अ रट." पगार वेळेवर होतो, घराचा हप्ता जातो, तक्रार करावी असे काहीच नसते. तरी पाच वर्षे तोच टेबल, त्याच बैठका आणि त्याच विषयावरचे तेच ईमेल. तो ज्या वस्तूचे नाव घेतो आहे ती खिडकीबाहेर पाण्याने भरून पडली आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही. इंग्रजीतला 'रट' म्हणजे दुसरे काही नाही, चाकाने पाडलेली चरीच. शब्दकोशात त्यासाठी चाकोरीपेक्षा नेमका प्रतिशब्द शोधूनही सापडणार नाही.

दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच चिखलातून एकच उपमा उचलली, यात नवल नाही. गाडी आणि ओली माती दोन्हीकडे होती. पण उपमा एक असली तरी तिच्याकडे पाहण्याची नजर सारखी नाही, आणि या म्हणीची खरी मजा त्या फरकात आहे.

आधी शब्दाची जात पाहू. इंग्रजीत 'रट' हा शब्द सोळाव्या शतकापासून सापडतो. तो बहुधा फ्रेंचमधल्या 'रूट' म्हणजे वाट या शब्दाचेच बदललेले रूप असावा, असे कोशकार मानतात. आपण मराठीत सर्रास वापरतो तो 'रूटीन'ही त्याच घरातला. म्हणजे रोजचा शिरस्ता सांगणारा रूटीन आणि साचलेपण सांगणारा रट ही भावंडे ठरतात. त्यांच्याही मागे गेले तर लॅटिनमध्ये 'रुप्ता' भेटतो. त्याचा अर्थ फोडलेली, म्हणजे रान तोडून काढलेली वाट. ज्या शब्दाने आज आपण अडकलेपण सांगतो, त्याच्या मुळाशी कोणीतरी नवी वाट फोडली होती. प्रत्येक चाकोरीचा पहिला गाडीवान धाडसीच असणार.

मराठी कानाला 'रट' ऐकून रटाळ आठवतो आणि त्याचे इंग्रजी स्पेलिंग पाहून रुतणे आठवते. दोन्ही अर्थाला इतके जवळचे की नाते जोडायचा मोह होतो. पण हे साम्य योगायोगाचे आहे. इंग्रजीत याच स्पेलिंगचा आणखी एक शब्द आहे, जनावरांच्या माजाचा. त्याचाही चाकोरीशी संबंध नाही. चाकोरी हा शब्द मात्र आपले कूळ लपवत नाही, त्याचे नाते थेट चाकाशी आहे.

आता ही चाकोरी पडते कशी ते जवळून पाहू. जुन्या बैलगाडीचे चाक लाकडी असे. मधे तुंबा, तुंब्यातून निघणारे आरे आणि सगळ्याला वरून आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चढवणे हा लोहाराच्या कौशल्याचा भाग. चाकापेक्षा किंचित लहान मापाचे लोखंडी कडे गोवऱ्यांच्या आगीत तापवायचे, तापून ते प्रसरण पावले की चाकावर ठोकून बसवायचे आणि लगेच वर पाणी ओतायचे. थंड होताना लोखंड आवळते आणि लाकडाचे सगळे सांधे घट्ट करून टाकते. चाक यामुळे वर्षानुवर्षे टिके, पण रस्त्याची दैना होई. सगळ्या गाडीचा भार जेमतेम चारदोन बोटे रुंदीच्या लोखंडी पट्टीवर येई आणि ती पट्टी ओल्या मातीत सुरीसारखी उतरे.

पुढचे काम पाणी करते. मावळात भात पिकवणारा प्रत्येक शेतकरी हे शास्त्र जाणतो, फक्त तो ते वेगळ्या नावाने ओळखतो. लावणीआधी खाचरात चिखलणी करतात. पाण्यात माती तुडवून तिची ढेकळे आणि आतल्या पोकळ्या मोडायच्या, म्हणजे पाणी खाली जिरत नाही आणि भाताच्या मुळाशी उभे राहते. गाडीचे चाक चाकोरीत नेमके हेच करते. माती मळली जाते, तिची भोके बुजतात, पाणी साचते, साचलेल्या पाण्याने माती आणखी मऊ होते आणि पुढचे चाक आणखी खोल जाते. खाचरात ज्या साचलेपणावर वर्षाचा भात उभा असतो, तेच साचलेपण बांधापलीकडच्या वाटेवर गाडी अडवते.

खोलीनुसार चाकोरीच्या तीन अवस्था होतात, आणि मराठीने प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र शब्द ठेवला आहे.

पहिली अवस्था दोन-चार बोटे खोलीची. माती दाबून घट्ट झालेली असते, चाक आपोआप तिच्यात बसते. बैलांना वाट दाखवावी लागत नाही. रात्री बाजारातून परतताना गाडीवान कासरा सैल सोडून डुलकी काढतो आणि गाडी घरी पोचते. याला आपण रुळणे म्हणतो. नवी सून घरात रुळली, नवा कारकून कामात रुळला, पाय वाटेला रुळले. यात तक्रार नाही, हायसे वाटणे आहे.

दुसरी अवस्था चाक बरेच आत गेल्याची. गाडी अजून चालते आहे, कदाचित झपाझप चालते आहे. पण गाडीवानाला डावीकडे वळायचे असेल तर वळता येत नाही. कासरा ओढला तर बैल मान वळवतात, चाक मात्र चरीच्या भिंतीला घासत सरळच जाते. इंग्रजीतला 'स्टक इन अ रट' नेमका इथे बसतो. आपण म्हणतो, चाकोरीत अडकणे.

तिसऱ्या अवस्थेत आस मधल्या उंचवट्यावर टेकते, चाके गरगरतात किंवा थांबतात आणि गाडी हलत नाही. हे रुतणे. 'गाडं रुतलं' म्हटले की सगळे ठप्प झाल्याचे चित्र उभे राहते. इंग्रजीत यासाठी 'बॉग्ड डाउन' अशी निराळी म्हण आहे. तिच्यात चाकोरी नाही, दलदल आहे.

या तिन्हींतला फरक कळला की ही म्हण वापरताना चूक होत नाही. आपल्याकडे बरेच जण कोणत्याही खोळंब्याला 'रट' म्हणून मोकळे होतात. परवानगीअभावी प्रकल्प थांबला, कोर्टात तारखा पडत राहिल्या, बढती अडली, हा रट नव्हे. तिथे आपले भिजत घोंगडे बरोबर बसते. रटमधल्या माणसाचे काहीच अडलेले नसते. चाक फिरते आहे, अंतर कापले जाते आहे, फक्त दिशा त्याच्या हातात उरलेली नाही. म्हणून ही म्हण माणूस बहुधा स्वतःबद्दल, स्वतःच्या नोकरीबद्दल, संसाराबद्दल, लेखनाबद्दल किंवा खेळाबद्दल वापरतो. तिच्यात काळ लांबलचक असतो. आठवडाभराच्या कंटाळ्याला कोणी रट म्हणत नाही. वाक्यात ती येते तीही ठरलेल्या क्रियापदांबरोबर. माणूस रटमध्ये नकळत 'फॉल' होतो, त्यात 'स्टक' राहतो आणि त्यातून 'गेट आउट' होण्याचा प्रयत्न करतो. पडणे, अडकणे, निघणे, असा तो गाडीचाच सगळा प्रवास.

शेजारच्या म्हणींशीही तिची गल्लत होते. 'ट्रेडिंग वॉटर' म्हणजे बुडू नये म्हणून पाण्यात जागच्या जागी हातपाय मारणे. तिथे कष्ट आहेत, प्रगती नाही. 'इन द डॉल्ड्रम्स' हिच्यात दर्यावर्दींचाही वाटा आहे. डॉल्ड्रम्स म्हणजे आधी मनाची मरगळ. विषुववृत्ताजवळच्या ज्या निर्वात पट्ट्यात शिडाची जहाजे दिवसेंदिवस खोळंबत, त्याला पुढे तेच नाव पडले, आणि आज मंदावलेल्या बाजाराला आणि मलूल मनाला ती लावतात. आपला घाण्याचा बैल रटच्या सर्वांत जवळ येतो, पण तोही तंतोतंत नाही. घाण्याचा बैल गोल फिरतो, कुठेच पोचत नाही आणि त्याच्या डोळ्यांवर झापड असते. चाकोरीतला बैल कुठेतरी पोचतो आणि त्याला सगळे दिसत असते. त्याचे दुःख थोडे वेगळे आहे.

घाण्याचे निसर्गातले रूप पाहायचे तर इंदुरीजवळच्या कुंडमळ्याला जावे. इंद्रायणीच्या पात्रातल्या काळ्या पाषाणात तिथे रांजणासारखे खळगे पडले आहेत. खडकातल्या लहानशा खोलगटीत एखादा गोटा अडकतो, पुराच्या भोवऱ्यात तो जागीच गरगर फिरतो आणि खडक कोरत खाली जातो. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या निघोजला कुकडीच्या पात्रात असेच रांजणखळगे मोठ्या संख्येने आहेत. गोटा आयुष्यभर फिरतो, झिजतो, आणि त्याच्या सगळ्या फिरण्यातून त्याच्याच भोवतीचा खड्डा तेवढा खोल होतो. याच कुंडमळ्यात १५ जून २०२५ रोजी जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा जीव गेला. नव्या पुलाला मंजुरी मिळालेली होती, उभा मात्र जुनाच होता. याला चाकोरी म्हणता येणार नाही. हे तिसऱ्या अवस्थेतले रुतणे, आणि त्याची किंमत कंटाळ्यात मोजली जात नाही.

आता नजरेतला फरक. मराठी माणसाने चाकोरीला पहिल्यापासून नावे ठेवली का? तर नाही. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४ ते १८१९) यांच्या प्रसिद्ध फटक्यात तर मळलेली वाट सोडू नये, असाच उपदेश आहे. आजच्या व्याख्यात्यांना हे ऐकवले तर ते दचकतील. पण फंदींच्या काळातले रस्ते डोळ्यांसमोर आणा. इंदुरीच्या इंद्रायणीकाठी सरसेनापती खंडेराव दाभाड्यांची गढी १७२०-२१च्या सुमारास उभी राहिली. तिची तटबंदी आणि भक्कम दरवाजा आजही आहे, आत कडजाईचे मंदिर आहे. त्या दरवाजातून निघून कोकणात उतरायचे तर बांधलेला रस्ता नव्हता. घाटातून माल जाई तो बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर. बोरघाटाचा गाड्यांना चालेल असा रस्ता मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या हस्ते १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला. त्याआधीच्या माणसाला मळलेल्या वाटेबाहेर काय मिळे? दरी, जंगल, फार तर लुटारू. अशा काळात वाट सोडू नको हा सल्ला भित्रेपणाचा नव्हता, जीव राखण्याचा होता.

पुढे १८५८मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे धावू लागली. तळेगावकरांनी लोखंडाची चाकोरी पाहिली, तीही मुद्दाम घातलेली. मराठीने तिचाही लगेच वापर केला. गाडी रुळावर आली म्हणजे सगळे सुरळीत झाले, रुळावरून घसरली म्हणजे बिघडले. आणि १८९३मध्ये केशवसुतांनी 'तुतारी' फुंकली, तेव्हा जुने मोडून पुढे जाण्याची हाक मराठी कवितेत खणखणीत उमटली. फंदी आणि केशवसुत यांच्यामध्ये चाकोरीचा अर्थ फिरला. जी आधाराची होती ती अडचणीची झाली. 'चाकोरीबद्ध' हे दूषण ठरले आणि 'चाकोरीबाहेरचा' हे कौतुक.

इंग्लंडमध्येही काळ थोडाफार असाच जुळतो. जॉन मॅकअडम १८१६मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा अधिकारी झाला. बारीक फोडलेल्या खडीचे, पाणी बाजूला काढून देणारे त्याचे रस्ते पुढच्या दोन दशकांत देशभर पसरले. आणि १८३९मध्ये टॉमस कार्लाइलने संसदेच्या कारभाराला खोल चाकोऱ्यांतून रखडणाऱ्या गाडीची उपमा दिली. रट या शब्दाच्या लाक्षणिक वापराचे हे सुरुवातीचे ठळक उदाहरण. चाकोऱ्या शतकानुशतके होत्या, पण त्यांच्याबद्दलची तक्रार म्हणीत उतरली ती त्या बुजू लागल्यावर. यामागचे कारण मला साधे वाटते. सपाट रस्ता असू शकतो हे ज्याने पाहिले, त्यालाच चाकोरी टोचते. बसमधला तो इंजिनिअर वाकडा आहे म्हणून रटबद्दल बोलत नाही. दुसरी नोकरी, दुसरे शहर, दुसरा देश त्याला दिसतो म्हणून बोलतो. त्याच्या आजोबांना आयुष्यभर एकच शेत करताना हा शब्द सुचला नसता. चाकोरी त्यांचीही असेल, पण तिच्या बाहेरची वाट कोणी दाखवलेली नव्हती.

चाकोरीचा आणखी एक गुण आपण विसरतो. ती एकट्याने पडत नाही. एका गाडीच्या रेघा पुढच्या पावसात पुसून जातात. शंभर गाड्या त्याच रेघेवरून गेल्या तर ती खोल होते, आणि मग एकशे एकाव्या गाडीला आपल्या चाकांमधले अंतर तेवढेच ठेवावे लागते, नाहीतर एक चाक चरीत आणि एक उंचवट्यावर. चीनचा पहिला सम्राट शी हुआंग याने इसवी सनपूर्व २२१मध्ये देश एक केल्यावर लिपी आणि वजनमापे एकसारखी केली, त्याबरोबर गाड्यांच्या आसाची लांबीही. सगळ्या राज्याच्या चाकोऱ्या एका मापाच्या असाव्यात म्हणून. इटलीतले पाँपेई शहर इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्याच्या दगडी फरसबंदीतही चाकांनी झिजवलेल्या खोल रेघा आज दिसतात. तेव्हा 'मी चाकोरीत अडकलो' म्हणताना हेही ध्यानात ठेवावे की तिची निम्मी खोली आपण जन्मण्याआधीच झालेली असते.

डांबराच्या रस्त्यांवरही ही गोष्ट संपलेली नाही. तळेगाव-चाकणसारख्या रस्त्यांवर जड वाहने एकामागून एक, हळूहळू, एकाच रेषेत सरकतात. उन्हाने डांबर मऊ होते आणि चाकांच्या रेषेत ते दबते, बाजूला फुगते. स्थापत्य अभियंते याला 'रटिंग'च म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या डांबरी रस्त्यांच्या संहितेत सरासरी २० मिलिमीटर खोलीची चाकोरी ही रस्ता निकामी झाल्याची खूण मानतात. २० मिलिमीटर म्हणजे जेमतेम अंगठ्याची रुंदी! पण पावसाचे पाणी तेवढ्यात साचते, भरधाव गाडीचे चाक पाण्यावर तरंगते आणि मार्गिका बदलणाऱ्या दुचाकीचे हँडल हातातून निसटते. मावळातून जाणारा सुमारे ९५ किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२मध्ये पूर्ण झाला तो काँक्रीटचा. काँक्रीट असे दबत नाही. मात्र एक गंमत राहते. वाहने जितक्या शिस्तीने आपापल्या मार्गिकेत चालतील, तितकी डांबरी रस्त्यावर चाकोरी लवकर पडते. शिस्तीचाही रस्त्यावर वळ उठतोच.

पण सगळी पुनरावृत्ती साचलेपण नव्हे. इंदुरीला लागून भंडारा डोंगर आहे, तुकोबांनी तिथे चिंतन केले असे परंपरा सांगते. खाली थोड्या अंतरावर देहू. तिथून तुकोबांची पालखी नेण्याची प्रथा त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५मध्ये सुरू केली. तेव्हापासून तोच महिना आणि तेच पंढरपूर. त्याच दिंड्या, तेच अभंग. वारकऱ्याला कोणी 'तू रटमध्ये आहेस' असे म्हणून पाहावे, तो हसेल. त्याची वाट मळलेली आहे, पण तो तिच्यात अडकलेला नाही. दरवर्षी तो घरून ठरवून निघतो. वाट जुनी असली तरी निघणे नवे असते.

उलट, मोडलेली चाकोरीही कायमची मोडलेली राहत नाही. मावळ एके काळी आंबेमोहोराचा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून नवे वाण तयार झाले आणि १९८७मध्ये ते प्रसारित झाले. नाव इथल्याच नदीचे, इंद्रायणी. वास आंबेमोहोराची आठवण देणारा आणि उतारा त्याहून चांगला. ज्यांनी पहिल्यांदा ते पेरले त्यांनी चाकोरी सोडली. आज मावळात इंद्रायणी लावणे हीच चाकोरी आहे आणि हौसेने आंबेमोहोर लावणारा वेगळा ठरतो. फोडलेली वाट मळते, मळलेली खोल होते. लॅटिनमधल्या 'रुप्ता'ने रटपर्यंत केलेला प्रवास मावळातल्या भाताने चाळीस वर्षांत करून दाखवला.

मग दुसऱ्या अवस्थेतल्या माणसाने काय करावे? गाडीवानाचे तंत्र इथेही कामाचे आहे. खोल चाकोरीत काटकोनात वळायचा हट्ट केला तर चाक पिळवटते आणि आरे मोडतात. जाणता गाडीवान तसे करत नाही. तो चाकोरी उथळ होते ती जागा हेरतो, माळावर किंवा मुरमाड चढावर, आणि तिथे तिरक्या दिशेने हळूहळू गाडी काढतो. तशी जागा नसेल तर खाली उतरतो, चाकापुढे दगड आणि फांद्या टाकतो, ओझे थोडे कमी करतो, मागून खांदा द्यायला दोघांना हाक मारतो. नोकरीचा राजीनामा फेकून हिमालयात जाण्याच्या गोष्टी ऐकायला बऱ्या, पण त्यात आरे मोडण्याची शक्यता फार. आपली गाडी रुळली आहे की अडकली आहे, हे तपासायची खूण सोपी आहे. सरळ चालताना दोन्ही सारखेच वाटते, तेव्हा मधूनच एकदा कासरा थोडा ओढून पाहावा. वळली तर खुशाल पुन्हा त्याच वाटेला लागावे.

दिवाळीनंतर शिवारातली ती गाडीवाट पुन्हा पाहावी. पाणी आटलेले असते आणि चिखल दगडासारखा वाळलेला. खोल चाकोरीशेजारी हातभर अंतरावर दुसरी जोडी पडलेली दिसते. भरल्या पावसात कोणीतरी जुनी टाळून बाजूने गाडी घातलेली असते, आणि मागून येणाऱ्यांनी मुकाट्याने तीच धरलेली असते. जुन्या चरीत आता गवत वाढते आहे. नवी अजून दोनच बोटे खोल आहे.